जो ओरडतो त्याला आधी: एका कामगार घराच्या सव्वाआठ लाखांच्या कर्जाचं प्रकरण

नाशिकच्या सिडकोत राहणारं पाच जणांचं कुटुंब. नवरा अंबड एमआयडीसीतल्या एका व्हेंडर कंपनीत सीएनसी ऑपरेटर, हातात पडणारा पगार ३८,००० रुपये. बायको घरून पोळी-भाजीचे डबे देते; किराणा आणि गॅस वजा जाता महिन्याला साधारण ९,००० सुटतात. मुलगी नुकतीच बारावी झालेली, मुलगा आठवीत, सोबत नवऱ्याची आई. राहतं घर वडिलांनी घेतलेलं, आता आईच्या नावावर, त्यावर कसलाही बोजा नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कर्जांची जात आणि त्यांचा गुंता या भागातल्या अनेक घरांत असाच सापडतो.

जून २०२४ मध्ये हे नवरा-बायको कर्जाबाबत सल्ला घ्यायला माझ्याकडे आले, तेव्हा सोबत एका ‘कर्जमुक्ती’ कंपनीचा करारनामा होता. सही बाकी होती. त्या कंपनीचा सल्ला असा: सगळे हप्ते सहा महिने बंद करा, सिमकार्ड बदला, बँका कंटाळून निम्म्यावर येतील, मग आम्ही तडजोड करून देऊ. फी विनातारण कर्जाच्या १२ टक्के, आणि तीही आगाऊ. नवरा-बायकोने विनातारण कर्ज पाच लाख सांगितलं होतं, म्हणजे फी झाली ६०,००० रुपये. ती सहा हप्त्यांत भरायची सोय होती. हप्ते भरायला पैसे नाहीत म्हणून मदत शोधणाऱ्या माणसाच्या मागे आणखी एक हप्ता लागणार होता.

कर्जाच्या टक्क्यांत फी घेणाऱ्या सल्लागाराकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कर्जाचा आकडा जितका मोठा तितकी त्याची कमाई मोठी. आणि हप्ते बंद केल्यावर दंड, व्याज आणि कोर्टाची नोटीस येते ती ग्राहकाच्या दारात, सल्लागाराच्या नाही.

पहिली बैठक

पहिल्या बैठकीत मी सल्ला देत नाही. कागद मागते. कर्जदाराला स्वतःचं एकूण कर्ज किती हे बहुतेक वेळा माहीत नसतं, आणि त्यात त्याचा आळस नसतो. रोज फोन येत असताना माणूस आजच्या हप्त्यापलीकडे पाहूच शकत नाही. हे गृहस्थ म्हणाले, “ताई, सगळं धरून पाच-सव्वापाच लाख असेल.” त्यांच्या पत्नीला त्यातली तीनच कर्जं ठाऊक होती.

सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. आम्ही ते रिपोर्ट काढले, सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट घेतली, आणि रिपोर्टमध्ये कधीच न दिसणारी देणी, म्हणजे सावकार आणि भिशी, बोलून लिहून काढली. यादी नऊ ओळींची झाली.

खाजगी बँकेचं वैयक्तिक कर्ज, बाकी ३,१२,००० रुपये, व्याज साडेचौदा टक्के, हप्ता ९,८००. पहिलं क्रेडिट कार्ड १,३८,००० वर, किमान भरणा ६,९००. दुसरं कार्ड ६४,००० वर, किमान भरणा ३,२००, आणि तेही दोन महिने थकलेलं. पतसंस्थेचं ९०,०००, हप्ता ४,०००, जामीनदार दोन: बायकोचा भाऊ आणि कंपनीतला सहकारी. बायकोच्या पाटल्या आणि मंगळसूत्र फायनान्स कंपनीत गहाण, त्यावर १,१०,०००, व्याज दीड टक्का महिना, म्हणजे नुसत्या व्याजाचे १,६५०. फ्रिज आणि मोबाइलचे २२,०००, हप्ता २,७५०. उचललेली भिशी, सात महिने बाकी, दरमहा ३,०००. ओळखीच्या सावकाराचे ४०,०००, शेकडा पाच रुपये महिना, म्हणजे दरमहा २,००० नुसतं व्याज. त्याच्याकडे सही केलेले दोन कोरे चेक. आणि मोबाइल अ‍ॅपवरची तीन कर्जं, मिळून ३१,०००, ज्यांना आठवड्या-पंधरवड्याला फिरवत फिरवत महिन्याला अकरा हजारांच्या आसपास जात होते.

बेरीज ८,२८,००० रुपये. महिन्याचा भरणा ४४,३००. घरखर्च २६,०००. मिळकत ४७,०००. दर महिन्याला २३,३०० रुपये कमी पडत होते आणि ते कार्डावरून रोख काढून किंवा नव्या अ‍ॅपवरून आणले जात होते. बेरजेची ओळ वाचून झाल्यावर दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या म्हणाल्या, “मला आधी सांगितलं असतं तर पाटल्या मीच काढून दिल्या असत्या.”

सुरुवात कुठून झाली हे थोडक्यात सांगायला हवं, कारण ‘उधळपट्टी केली असेल’ हा शेरा लोक फार पटकन मारतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये वडील कोविडने खाजगी रुग्णालयात होते. बिल भरायला वैयक्तिक कर्ज काढलं. वडील वाचले नाहीत. पुढच्या वर्षी स्लॅब गळायला लागला, तेव्हा पतसंस्था आणि सोनं. त्यानंतर ओव्हरटाइम कमी झाला आणि फरक कार्डावर गेला. यादीत चैनीची म्हणावी अशी एकच वस्तू होती, मोबाइल, आणि तोही मुलीच्या ऑनलाइन क्लाससाठी घेतलेला.

पहिल्या कार्डाचं स्टेटमेंट मी त्यांच्यासमोर फोडून दाखवलं. १,३८,००० वर महिना ३.६ टक्के व्याज, म्हणजे ४,९६८ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ८९४. ते ६,९०० भरत होते, त्यातले ५,८६२ तिथेच संपत होते. मुद्दल उतरत होतं १,०३८ रुपयांनी, आणि त्याच आठवड्यात किराणा कार्डावर घेतला की तेवढं परत चढत होतं. दोन वर्षं न चुकता किमान रक्कम भरणाऱ्या माणसाला आपण कर्ज फेडतो आहोत असं वाटत होतं.

कोणाला आधी द्यायचे

या प्रकरणातली खरी चूक आकड्यांत नव्हती, क्रमात होती. गेलं वर्षभर पैसे कुणाला आधी द्यायचे हे फोनवर कोण जास्त ओरडतं त्यावर ठरत होतं. अ‍ॅपवाले दिवसातून वीस वेळा फोन करत, शिव्या देत, म्हणून पगार झाला की पहिले पैसे त्यांना. मग कार्डाचे वसुली एजंट. पतसंस्थेचे व्यवस्थापक सभ्य माणूस, ते महिन्यातून एकदा ‘जमलं तर बघा’ म्हणत, म्हणून त्यांचा हप्ता शेवटी, आणि दोनदा चुकलेला. सावकार तर हसून चहा पाजायचा.

कायद्याच्या नजरेने क्रम जवळजवळ उलटा लागतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली पतसंस्था निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते. तिला दिवाणी दावा लढवत बसावं लागत नाही, आणि वसुली जामीनदारांपर्यंतही जाते. म्हणजे सगळ्यात शांत असलेल्या पतसंस्थेचा हप्ता चुकला तर पहिला फटका मेहुण्याला आणि शेजारच्या मशीनवरच्या मित्राला. सावकाराकडचे कोरे चेक बँकेत टाकले आणि वटले नाहीत तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला. बँकेचा हप्ता खात्यातून आपोआप कापण्याची सूचना नाकारली गेली, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तशीच तरतूद आहे. सोनं सोडवलं नाही तर लिलाव.

क्रेडिट कार्डाची थकबाकी महाग असते, पण ती विनातारण असते. नुसती थकबाकी आहे म्हणून पोलीस कुणाला उचलून नेत नाहीत. ती दिवाणी बाब आहे. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश हिस्सा जप्तीपासून सुरक्षित राहतो, आणि भविष्यनिर्वाह निधीला हात लागत नाही. हे ऐकल्यावर गृहस्थांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. एका एजंटने त्यांना ‘उद्या कंपनीच्या गेटवरून उचलतो’ असं सांगितलं होतं, आणि ते त्यांनी खरं मानलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट विचारावी लागते आणि मी विचारते: जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार मनात आला का? त्यांनी होकारार्थी मान हलवली. पत्नीला हेही माहीत नव्हतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. पहिला फोन माझ्या टेबलावरूनच लावला, पुढचे त्यांनी स्वतः केले. कर्जाच्या आराखड्याइतकंच हे महत्त्वाचं होतं. रात्री झोप न लागणारा माणूस सकाळी समोर येईल त्या कागदावर सही करतो.

अ‍ॅप

तीन अ‍ॅपांपैकी एकच क्रेडिट रिपोर्टवर दिसत होतं, त्याच्यामागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्त कंपनी होती. ते १२,००० चं देणं खरं होतं आणि फेडायचंच होतं. बाकी दोघांमागे कोण आहे याचा पत्ताच नव्हता. त्यातल्या एकाने ५,००० मंजूर करून हातात ३,२०० ठेवले होते, सात दिवसांच्या बोलीवर. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये घातलेल्या नियमांप्रमाणे अ‍ॅपला फोनमधली संपर्कयादी आणि फोटो वाचता येत नाहीत, आणि वार्षिक खर्चाचा एकूण दर आधी लेखी सांगावा लागतो. या दोघांनी संपर्कयादी केव्हाच उचलली होती.

बँक स्टेटमेंटवरून हिशेब काढला तेव्हा या दोन अ‍ॅपांना हातात आलेल्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त पैसे आधीच गेलेले दिसले. तोच हिशेब जोडून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली, रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही कळवलं, आणि पुढे एक रुपया पाठवला नाही. यूपीआयमधल्या ऑटो-पे परवानग्या रद्द केल्या, फोन पूर्ण साफ करून पुन्हा चालू केला. सगळ्यात अवघड काम त्यांनी स्वतः केलं: सुपरवायझरला, मेहुण्यांना आणि डब्याच्या ग्राहकांच्या ग्रुपवर आधीच कळवलं की माझ्या नावाने घाणेरडे मेसेज येतील, फोटो येतील, तुम्ही उत्तर देऊ नका, फक्त स्क्रीनशॉट ठेवा. मेसेज आलेच, फोटोही जोडून बनवलेले. पण ज्यांना ते आले त्यांना ते आधीच माहीत होतं, त्यामुळे धमकीत दम उरला नाही. तीन आठवड्यांत फोन थांबले.

घर की पाटल्या

आईंचं म्हणणं होतं, घर गहाण टाका आणि सगळं एकदम मिटवा. हिशेबाने ते चुकीचं नव्हतं. घरावरचं कर्ज दहा-बारा टक्क्यांनी मिळालं असतं, हप्ताही एकच झाला असता. मी ठाम विरोध केला. कार्ड आणि वैयक्तिक कर्ज विनातारण आहे. उद्या नोकरी गेली तर बँक दावा करेल, पण घरात राहता येईल. तेच कर्ज घरावर नेलं की सरफेसी कायद्याखाली बँक घराचा ताबा घेऊ शकते. ज्या घराचं महिन्याचं गणित अजून बसलेलं नाही, त्या घराने आपलं एकमेव छप्पर तारण ठेवू नये. शिवाय कार्डं रिकामी झाली की ती पुन्हा भरतात, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की याबाबत माझं मत बदलण्याची शक्यता कमी आहे.

सोन्याचा निर्णय पत्नीचा होता आणि तो त्यांच्यावरच सोडला. त्यांनी पाटल्या विकायच्या आणि मंगळसूत्र ठेवायचं असं ठरवलं. गहाण दागिना आधी सोडवावा लागतो. त्यासाठी त्यांच्या भावाने एका दिवसापुरते पैसे दिले. सकाळी फायनान्स कंपनीत १,११,६५० भरून दागिने सोडवले, दुपारी सराफ बाजारात चोवीस ग्रॅमच्या पाटल्या विकल्या, घट जाता १,५६,००० हाती आले, भावाचे पैसे त्याच संध्याकाळी परत. उरले ४४,३५०. मंगळसूत्र घरी आलं.

सावकार

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. इथे चालू होतं साठ टक्के, आणि परवाना नव्हता. चौदा महिन्यांत २८,००० रुपये व्याज गेलं होतं आणि मुद्दल जागच्या जागी.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदतीला पात्र असलेल्यांची यादी आहे. त्यात स्त्रिया आहेत आणि औद्योगिक कामगारही आहेत. कारखान्यात काम करणाऱ्या माझ्याकडच्या फारच थोड्या लोकांना हे ठाऊक असतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाल्या. त्यांनी हिशेब असा मांडला: ४०,००० वर १८ टक्क्यांनी चौदा महिन्यांचं व्याज ८,४००. दिलेले २८,०००. म्हणजे १९,६०० मुद्दलात गेले असं धरलं तर राहतात २०,४००. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायच्या तक्रारीचा मसुदाही तयार ठेवला. मग मेहुण्यांना सोबत घेऊन सावकाराशी बसणं झालं. त्याने २२,००० वर तोडलं, दोन्ही चेक परत दिले, आणि ‘पूर्ण मिळाले’ असं लिहून सही केली. तक्रार करायची की नाही यावर वकिलांचं आणि कुटुंबाचं मत वेगळं होतं. त्याच गल्लीत राहायचं आहे, म्हणून कुटुंबाने केली नाही. तो निर्णय त्यांचा होता आणि मी त्यांना ढकललं नाही.

उरलेल्या २२,३५० मधून नोंदणीकृत अ‍ॅपचे १२,००० फेडून ना-देय दाखला घेतला. शिल्लक १०,३५० वेगळ्या खात्यात. ते कार्डात का भरले नाहीत, असं गृहस्थांनी विचारलं. कार्डावर वर्षाला बेचाळीस टक्क्यांहून जास्त व्याज असताना पैसा चार टक्क्यांत ठेवायचा कशाला? प्रश्न रास्त होता. पण घरात रोख काहीच नसेल तर मुलाच्या तापाचा खर्चसुद्धा पुन्हा अ‍ॅपवरूनच येतो.

नऊ देण्यांपैकी सोनं, सावकार आणि अ‍ॅप ही यादीतून गेली. कर्ज राहिलं ६,४७,०००.

बँकांशी पत्रव्यवहार

घरखर्च २६,००० वरून २५,००० वर आला, त्याहून खाली मी येऊ दिला नाही. पाच माणसांच्या घरात दूध आणि औषधं कापून केलेला आराखडा दोन महिने टिकतो. डब्याचे दर पत्नीने दोन वर्षांत वाढवले नव्हते. ते वाढवले आणि चार नवे डबे घेतले, म्हणजे आणखी २,०००. तेव्हा हप्त्यांसाठी उपलब्ध २४,०००. त्यात सहा देणी बसवायची.

पहिलं काम पगार खातं बदलण्याचं. पहिलं कार्ड आणि पगार खातं एकाच बँकेत होतं, आणि थकबाकी झाली की बँक त्याच ग्राहकाच्या खात्यातली रक्कम वळती करू शकते. तो हक्क बहुतेक कार्डांच्या करारात लिहिलेला असतो. पगाराच्या दिवशी खातं रिकामं होऊन पतसंस्थेचा हप्ता उडण्याचा धोका होता. कंपनीने दुसऱ्या बँकेत पगार जमा करायला पंधरा दिवसांत सुरुवात केली.

मग पत्रं. प्रत्येक पत्रात तीनच गोष्टी: मिळकत किती, एकूण देणी किती, तुम्हाला दरमहा किती देऊ शकतो. सोबत पगारपत्रक आणि पूर्ण यादी. विनवणीची भाषा मी काढून टाकते. बँकेतल्या अधिकाऱ्याला वरिष्ठांपुढे ठेवायला कागद लागतो, आणि भावनेपेक्षा आकडे त्याच्या कामाचे.

वैयक्तिक कर्जाच्या बँकेने मुदत साठ महिन्यांपर्यंत वाढवली, हप्ता ९,८०० वरून ७,३४० झाला. यात एकूण ४४,००० च्या आसपास जास्त जाणार, आणि क्रेडिट रिपोर्टवर पुनर्रचनेची नोंद राहणार. दोन्ही गोष्टी सही करण्याआधी सांगितल्या. पतसंस्थेने हप्ता २,८०० केला. त्यासाठी दोन्ही जामीनदारांच्या सह्या लागल्या, आणि त्या निमित्ताने कंपनीतल्या मित्राला खरी परिस्थिती कळली. तो रागावला, पण सही केली. पहिल्या कार्डाच्या बँकेने पूर्ण बाकी छत्तीस हप्त्यांत दीड टक्का महिना व्याजाने बसवून दिली, जीएसटी धरून सुरुवातीला ५,३६० चा हप्ता. कार्ड बंद.

दुसऱ्या कार्डाने मात्र चार महिने छळलं. हप्ते पाडायला नकार, आणि उलट ‘३८,००० एकरकमी भरा, मिटवून टाकू’ असा प्रस्ताव. मोह पडण्यासारखा होता. पण ३८,००० नव्हते, ते नवं कर्ज काढूनच आले असते. आणि रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा लागला की पुढे मुलीच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून उभं राहणंही अवघड होतं. दरमहा २,००० आणि सोबत पत्र, असं चालू ठेवलं. दरम्यान एजंट रात्री नऊला आईंना फोन करत होता. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, घरच्यांना आणि ओळखीच्यांना त्रास देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावलं आहे. फोनच्या नोंदींसह बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. तीस दिवस उत्तर नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार.

लोकपाल बँकेला ‘हप्ते पाडून द्या’ असं सांगत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. वसुलीतल्या गैरवर्तनाची तक्रार मात्र तो घेतो. म्हणून तक्रारीत फक्त फोनचा मुद्दा ठेवला, हप्त्यांचा एक शब्दही नाही. तक्रार गेल्यावर बँकेच्या मुख्य कार्यालयातून कुणीतरी पहिल्यांदा पत्र वाचून फोन केला. दंडासह बाकी ७०,००० झाली होती. ती पुढचं व्याज थांबवून अठ्ठावीस हप्त्यांत, दरमहा २,५००, नोव्हेंबर २०२४ पासून. हे लेखी आल्याशिवाय पहिला हप्ता भरू नका, एवढं मी सांगितलं होतं. पत्र आलं, मग भरला.

सगळे हप्ते मिळून २३,७५०. उपलब्ध २४,०००. अडीचशे रुपयांच्या फटीवर आठ महिने काढायचे होते, आणि ते त्या बाईंनी काढले. वहीत रोजचा खर्च त्या लिहायच्या, नवरा महिनाअखेर बेरीज करायचा.

मधल्या काळात मुलीच्या प्रवेशाचा प्रश्न आला. फीसाठी नवं कर्ज काढायची तयारी चालली होती. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. अट एकच महत्त्वाची, प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेऊ नका, म्हणून मी दोनदा फोन केला. दाखले वेळेत जमले, प्रवेश अभियांत्रिकीला झाला, आणि दहावं कर्ज टळलं.

हे काम कुणाचं

बँक ऑफ इंडियाने २००६ मध्ये मुंबईत ‘अभय’ नावाचं कर्ज-समुपदेशन केंद्र काढलं होतं. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांसाठी अशा केंद्रांची योजना आणली, तिच्या नावात ‘पत समुपदेशन’ होतं. २०१२ मध्ये ती बदलून आर्थिक साक्षरता केंद्रं झाली आणि भर खाती उघडण्यावर, बचतीच्या मेळाव्यांवर गेला. ही केंद्रं मोफत आहेत आणि चांगला समुपदेशक भेटला तर जरूर मदत होते. पण नऊ देण्यांची यादी घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर चार-सहा महिने बसायला तिथे माणूस नसतो. ती जागा ‘कर्जमुक्ती’वाल्यांनी व्यापली आहे.

कायद्याचा आधारही अर्धवट आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, पण तो कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरताच, डिसेंबर २०१९ पासून, लागू झाला. नाशिकच्या कामगाराला आजही १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदाच दाखवावा लागतो. संहितेतल्या ‘नव्या सुरुवाती’च्या तरतुदीत वार्षिक उत्पन्न ६०,००० आणि कर्ज ३५,००० पर्यंतची मर्यादा आहे, ती उद्या लागू झाली तरी या घराला तिचा काही उपयोग नाही. एवढ्या सहजपणे कर्ज वाटणाऱ्या देशात कर्जातून सन्मानाने बाहेर पडायची वाट इतकी अरुंद असावी, याचा मला मनापासून राग येतो.

डिसेंबर २०२५ ची स्थिती

भिशी जानेवारीत आणि फ्रिज-मोबाइलचे हप्ते फेब्रुवारीत संपले. दरमहा ५,७५० मोकळे झाले. गृहस्थांना सगळे कार्डात टाकायचे होते, पत्नीला काही हाताशी ठेवायचे होते. शेवटी २,७५० राखीव खात्यात आणि ३,००० आवर्ती ठेवीत, कार्डाचे हप्ते मुदतीआधी बंद करण्यासाठी. ऑगस्टमध्ये आईंच्या मोतीबिंदूला १४,००० लागले, ते राखीव खात्यातून गेले. २०२१ नंतर या घरात आजारपणासाठी कर्ज न काढण्याची ही पहिली वेळ.

एकूण बाकी सुमारे ४ लाख २० हजार. वैयक्तिक कर्ज २ लाख ४५ हजारांवर, पहिलं कार्ड ८२,००० वर, पतसंस्था साडेअठ्ठावन्न हजारांवर, दुसरं कार्ड ३५,००० वर. मेहुणे आणि तो मित्र २०२७ च्या अखेरीस जामिनातून मोकळे होतील. वैयक्तिक कर्ज २०२९ च्या मध्यापर्यंत चालेल. दुसऱ्या कार्डाची बँक रिपोर्टवर अजूनही जुनी थकबाकी दाखवते आहे. त्याची तक्रार क्रेडिट माहिती कंपनीकडे केली आहे. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मागता येते, तो अर्जही लिहून ठेवला आहे. पुढची बैठक मार्चमध्ये, नवा रिपोर्ट आणि पतसंस्थेचा वर्षाचा उतारा घेऊन.